माझ्या डोक्यातल्या नळ्या आणि धाकटी जाऊ

मी आजारी पडल्याची बातमी गल्लीला माझ्या जावेनं दिली. मोबाइलवर स्टेटस ठेवून. 'आमच्या अक्कांसाठी प्रार्थना करा', आणि खाली जोडलेले हात. मी अजून कॅज्युअल्टीत पडलेले होते आणि मुरगूडहून माझ्या माहेरचा फोन आधी तिला गेला होता.

माझ्या आजाराची गोष्ट आणि माझ्या जळण्याची गोष्ट मला वेगवेगळी सांगता येत नाही, म्हणून सुरुवातच तिच्यापासून केली. आजारपणावर लिहिणारे बहुतेक जण आपण किती धीरानं घेतलं ते लिहितात. मी धीरानं घेतलं नाही. घाबरले होते तेव्हा घाबरले होते, आणि बाकीचा सगळा वेळ जळत होते.

कसबा बावड्यात आमचा मिरची कांडपाचा डंका आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, डंक्यावर मी. उन्हाळा लागला की बायका भाजलेली मिरची, खोबरं, मसाले घमेल्यात घेऊन येतात आणि आपली चटणी दुसऱ्याच्या चटणीत मिसळू नये म्हणून शेजारी ठाण मांडून बसतात. डंक्याचं लोखंडी मुसळ वर-खाली होत राहतं, मी हातानं सारते, चाळते, परत टाकते. अंगावर, पापण्यांवर, जेवणाच्या ताटात मिरचीची धूळ असते.

राजश्री, माझ्या दिराची बायको, नऊ वर्षांपूर्वी आजऱ्याहून आली. बी.कॉम. झालेली. तिनं पुढच्या खोलीत काउंटर मांडला, काचेचं दार लावून घेतलं आणि तयार चटणीची पाकिटं विकायला सुरुवात केली. पाकिटावर तिचा फोटो आहे, डोक्यावर पदर घेतलेला. आतली चटणी मी कुटलेली. एक दिवस वीस वर्षांपासून येणारी एक बाई माझ्यासमोर घमेलं ठेवून म्हणाली, "धाकटी कुठाय? तिला जरा विचारायचं हुतं." त्या दिवशी रात्री मी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.



फेब्रुवारीचा शेवट. हंगाम नुकता सुरू झालेला. दुपारी मी वाकून घमेलं ओढत होते आणि डोक्यात मागून कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. मी खरंच मागं वळून बघितलं, कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. डोकं मला आयुष्यात पुष्कळदा दुखलंय, पण ते वाढत वाढत जातं. हे आलं तेच पुरं आलं. मी तिथंच मिरचीच्या पोत्यावर बसले आणि ओकले.

आमचे हे म्हणाले, "पित्त झालं असंल. सोडा द्या तिला."

काचेचं दार उघडून राजश्री आली. "दादा, पित्तात माणूस मागं वळून बघत न्हाय. गाडी काढा."

हे बरोबर होतं. माझ्या डोक्यात घण पडत असतानाही मला कळलं की हे बरोबर आहे, आणि हे तिला सुचलं याचा मला राग आला.



पहिल्या तपासणीत मेंदूच्या वरच्या बाजूला थोडं रक्त दिसलं. दुसऱ्या तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बारीक झालेल्या दिसल्या. मेंदूचे डॉक्टर स्वभावानं शांत होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आणि डॉक्टर खुर्ची ओढून बसला की काहीतरी मोठं असतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

ते म्हणाले, "तुमच्या घरी पाण्याचा पाइप असेल. नळाला पाणी कमी यायला लागलं, तर कारणं दोन-तीन असतात. आतून क्षार धरला असेल, पाइप सुजला असेल, किंवा कुणीतरी मुठीत आवळून धरला असेल. आत्ता मला एवढंच दिसतंय की पाणी कमी येतंय."

क्षार म्हणजे चरबी, तुमच्या वयात शक्यता कमी, ते म्हणाले. सूज असेल तर वर्ष-दोन वर्षं जड औषधं घ्यावी लागतील, स्टेरॉइड आणि त्यावर आणखी काही. आवळली असेल तर ती आपोआप सुटते, तीन महिन्यांत. पण सुजेची औषधं आवळलेल्या नळीला दिली तर नुकसान होऊ शकतं, आणि सूज असताना नुसती वाट बघत बसलो तर झटका येऊ शकतो.

"मग कळायचं कसं?" राजश्रीनं विचारलं. मी विचारणार होते.

"नळीची भिंत बघायची. साध्या फोटोत आतली पोकळी दिसते. एका खास प्रकारच्या एमआरआयमध्ये भिंतच दिसते. परवा सकाळी नंबर लागेल."

मग त्यांनी मला विचारलं, काही औषधं चालू आहेत का? बीपीची, झोपेची, वजन कमी करायची, सर्दीची?

मी म्हणाले, "न्हाय. काहीसुद्धा न्हाय. सर्दी तर मला होतच न्हाय."

मी खोटं बोलले नाही. हे मला अजून पटवून द्यावं लागतं, म्हणून इथंही लिहिते. मला सर्दी नव्हती. मिरचीच्या धुळीनं माझं नाक बंद व्हायचं, एवढंच. त्याला आम्ही नाकात थेंब सोडायचो. डंक्यावर काम करणाऱ्या सगळ्याच सोडतात. मेडिकलवाल्याकडं गेलं की तो न विचारताच बाटली काढून ठेवतो. सकाळी डंका सुरू करायच्या आधी, दहाला, बाराला, जेवल्यावर, झोपताना. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पायाला भेगा पडल्या की तेल लावतो, त्याला कुणी औषध म्हणतं का? माझ्या कमरेच्या पिशवीत सुपारी, सुटे पैसे आणि ती बाटली असायचीच. दवाखान्यातही होती.



वॉर्डातले ते दिवस. पहाटे नर्स येऊन डोळ्यांत टॉर्च मारायची आणि विचारायची, "नाव सांगा. कुठं आहात?" मी नाव सांगायचे. कुठं आहे ते तिला माहीत नव्हतं का, असं एकदा विचारलं तर हसली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं डोकं ठिकाणावर हाय." मला त्या एका वाक्यानं दिवसभर बरं वाटलं.

डोकं आणखी दोनदा तसंच फुटलं. दोन्ही वेळा मी संडासातून येऊन नुकती कॉटवर बसले होते. संडासात मी थेंब सोडायचे, कारण सगळ्यांसमोर मान मागं टाकून नाकात सोडायची लाज वाटायची. या दोन गोष्टी मी एकमेकींना लावून बघितल्या नाहीत. माणूस आपल्या रोजच्या सवयीवर कधी संशय घेत नाही.

डबा राजश्री आणायची. भाकरी, वांग्याची भाजी, दही, आणि एका छोट्या डबीत चटणी. मला चटणी बंद होती, ती शेजारच्या कॉटवाल्यांसाठी. समोरच्या म्हातारीनं बोट चाटून विचारलं, "कुणाच्या हातची गं?" राजश्री म्हणाली, "आमच्या अक्काच्या हातची." म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "नशीबवान हाईस बाई, अशी जाऊ मिळाली."

चटणी माझी आणि नशीबही माझं, पण कौतुक तिचं. मी भिंतीकडं तोंड करून झोपले. डोक्यात रक्त सांडलेलं असताना माणसानं देवाचं नाव घ्यावं. मी हिशेब मांडत होते की भेटायला आलेल्या अकरा जणांपैकी किती जण आधी तिच्याशी बोलले. नऊ.



एमआरआयच्या सकाळी अल्ताफभाई म्हणून तंत्रज्ञ होते. पन्नाशीचे, आवाज भरड. "मावशी, अंगावर लोखंड, सोनं, चांदी, काय काय असंल ते सगळं काढायचं. पिनसुद्धा."

मंगळसूत्र निघालं. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. मग गळ्यातल्या दोऱ्यावर माझा हात थांबला. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं आणि ते अंगावेगळं करायचं नसतं. बाळंतपणात केलं नाही, विहिरीत पोहताना केलं नाही.

मी म्हणाले, "डबी काढतो. आतलं फडक्यात बांधून हातात धरतो. आत दगडच हाय."

अल्ताफभाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मावशी, तुमच्या देवाचा मला मान हाय. पर आत नेमकं काय काय हाय ते मला म्हाईत न्हाय, आनि जे म्हाईत न्हाय ते मी आत न्हेऊ देत न्हाय. मशीन वडून घेतंय."

मला रडू यायला लागलं. इतके दिवस आलं नव्हतं ते तिथं आलं. तेव्हा राजश्रीनं पदर दोन्ही हातांवर पसरला आणि समोर धरला. तिच्याही गळ्यात लिंग आहे, तिला सांगावं लागलं नाही. "द्या अक्का. तुमी बाहीर येईस्तवर मी खाली ठेवत न्हाय."

ज्या माणसाला मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या, त्याच्याच पदरात ते ठेवावं लागलं. बाकीचं सामान, कमरेची पिशवीसुद्धा, तिच्या खांद्याला अडकवलं.

आत काय होतं ते विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते: आवाजाला घाबरू नका. मला तर तो डंक्यासारखाच वाटला, फक्त मध्येच ताल बदलणारा. डोकं एका पिंजऱ्यात अडकवतात, हातात रबरी फुगा देतात, नकोसं झालं तर दाबायचा. माझी अडचण वेगळीच झाली. दहा मिनिटांत नाक बंद. थेंब बाहेर. तोंडानं श्वास घ्यायला लागले तर जीभ कोरडी, गिळता येईना, हलायचं नाही. दोनदा फुग्यावर बोटं आवळली. मग आठवलं की फुगा दाबला तर मला बाहेर काढतील आणि बाहेर ती उभी असेल, आणि तिला दिसेल की मला जमलं नाही. मी फुगा दाबला नाही. शेवटी शिरेतून औषध सोडलं, हात खांद्यापर्यंत गार पडला, आणि परत तेवढाच वेळ. मत्सरानं माझं एकच भलं केलं असेल तर ते हे.



बाहेर आले तेव्हा राजश्री उभीच होती. दोन्ही हात पुढे, पदरात लिंग. तिच्या शेजारी डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या हातात माझी थेंबांची बाटली.

"हे किती दिवस घेताय?" त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांकडं बघितलंच नाही. राजश्रीला म्हणाले, "माझ्या पिशवीत हात घातलास?"

"चहाला सुट्टं पायजे हुतं, म्हणून उगडली," ती म्हणाली. "ही नवी बाटली परवाच दादांनी आणून दिलेली मेडिकलातनं. आर्धी झालीया. संडासातनं आला की तुमचं डोकं उठतंय, दोनदा बगितलं मी. म्हणून सांगितलं."

मी हात पुढे केला. लिंग गळ्यात घातलं आणि तिच्याकडं पाठ केली.

दुपारी डॉक्टरांनी यांना आणि मला पडद्यावर चित्र दाखवलं. काळ्या नळ्यांच्या आडव्या चकत्या. "सूज असती तर नळीच्या कडेला पांढरं कडं चमकलं असतं. हे बघा, काही चमकत नाही. भिंत चांगली आहे. नळ्या आवळल्यात, आणि त्या कशानं आवळल्या तेही आता कळलंय. नाकातली शीर आवळून नाक मोकळं करतं ते औषध तुमच्या मेंदूतल्या शिराही आवळत होतं. सगळ्यांना असं होत नाही, तुम्हाला झालं. उद्या सकाळपासून मी स्टेरॉइड सुरू करणार होतो." मग म्हणाले, "निम्मं काम मशीननं केलं, निम्मं तुमच्या जावेनं."

माणसाला सांगतात की तुला मोठा आजार नाही, तेव्हा काय वाटायला पाहिजे ते मला माहीत आहे. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: भिंत खराब निघाली असती तर हिचं नाव तरी झालं नसतं. एक क्षणभरच आलं. पण आलं.



दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी राजश्री डंक्यावर होती, कारण माझ्या जागेवर कुणीतरी उभं राहायला हवंच होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं शेवटचं मी आणि यांनी ऐकलं, आणि यांचं अर्धं लक्ष बिलाच्या खिडकीकडं. नाकाचे थेंब आयुष्यात नाहीत. सर्दीच्या गोळ्या, ज्यांनी नाक मोकळं होतं, त्याही नाहीत, त्यात त्याच जातीचं औषध असतं. सरबतासारखी मिळणारी खोकल्याची औषधं विचारल्याशिवाय नाहीत. तीन महिने डंका नाही.

घरी वरच्या खोलीत पडून होते. थेंब बंद केल्यावर दोन आठवडे नाक चोंदलेलं, तोंड उघडं ठेवून झोपायचे, उशी ओली व्हायची. मग हळूहळू नाक आपलं आपण उघडलं. खालून डंक्याचा आवाज यायचा. माझा हात असताना तो कसा पडतो ते मला माहीत होतं, तिचा हात नवा होता, सारायला उशीर व्हायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं. मग महिन्याभरात तिचा हात बसला. तेही ऐकू आलं.

मेच्या शेवटी परत एमआरआय. सगळ्या नळ्या मोकळ्या. डॉक्टर म्हणाले, निदान पक्कं झालं, आपोआप सुटल्या म्हणजे आवळल्याच होत्या. अल्ताफभाईंनी दारातून विचारलं, "मावशी, ठीक?" मी म्हणाले, "ठीक." आजाराची गोष्ट इथं संपते. अशीच संपवावी असं मला खूप वाटलं.



त्याच आठवड्यात सोमवारी मी पहिल्यांदा खाली डंक्याकडं गेले, तोंडाला ओढणी बांधून, दारापर्यंत. पाऊस यायच्या आत चटणी उरकायची म्हणून बायकांची रांग होती. राजश्री डंक्यावर, डोळे लाल, नाक गच्च, बोलताना 'म'चा 'ब' होत होता. तिनं ब्लाउजमधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी चहाबरोबर गिळली आणि पट्टी वजनकाट्याशेजारी ठेवली. मी जवळून बघितली. नाक मोकळं करायची गोळी.

तिनं थेंबांना हात लावला नव्हता. माझं बघून ती शहाणी झाली होती. पण गोळीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारी मीच होते.

मी वर निघून गेले.

आधीच सांगते, तिला काही झालं नाही. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. सोमवारी मी स्वतःला म्हटलं, सगळ्यांना होत नाही, डॉक्टरच म्हणाले. मंगळवारी म्हटलं, एवढी शिकलेली आहे, गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचेल. खरं काय वाटत होतं ते लिहिते. मला वाटत होतं, एकदा तिलाही तसं होऊ दे. मरू नये, पण मागं वळून बघावं. पोत्यावर बसावं आणि ओकावं. मग लोक तिला बघायला येतील आणि मी काउंटरवर बसून त्यांना चहा विचारीन.

बुधवारी दुपारी डंका मध्येच थांबला. मी जिन्यात आले. राजश्री मानेमागं हात धरून उभी होती. रांगेतली एक बाई विचारत होती, "काय झालं गं?"

"काय न्हाय. डोस्कं जरा धरलंय."

मी कशी खाली आले मला आठवत नाही. ओढणी बांधायची राहिली. काट्याशेजारची पट्टी उचलली आणि म्हणाले, "ही खाऊ नको. ह्यातबी तेच आसतंय. थेंबातलंच."

तिनं माझ्याकडं बघितलं. "डाक्टर म्हणालं?"

"व्हय."

"कवा?"

"सोडलं तवा."

"आनि मी खातोय हे तुमी कवा बगितलं?"

रांगेतल्या बायका बघत होत्या. खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी," मी म्हणाले.

तिनं मानेवरचा हात काढला. चेहऱ्यावर राग दिसेना, ते जास्त वाईट होतं. मिरचीनं लाल झालेली बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "तुमची बाटली घावली तवा मी धा मिनटंबी थांबलो न्हाय, अक्का. एका हातात तुमचं लिंग हुतं, पळता येत नव्हतं. तरी तसाच डाक्टरकडं गेलो."

एवढं बोलून तिनं पुढच्या बाईचं घमेलं ओढलं आणि बटण दाबलं. डंका सुरू झाला. त्या आवाजात मी "चुकलं माझं" असं म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हणायला मला अजून जमलेलं नाही, म्हणून हे लिहून काढलं.